जबलपूरचा खेळ, शेफील्डचं तिकीट

जबलपूर म्हटलं की आपल्याला भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात आणि धुवांधार आठवतो. आज मात्र या गावातल्या एका टेबलाची गोष्ट सांगायची आहे.

१८७५ चा पावसाळा. इंग्रज पलटणीच्या मेसमध्ये अधिकारी अडकून पडलेले, आणि बिलियर्ड्सच्या टेबलावर पैजेचे डाव चाललेले. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्या डावात आणखी रंगीत बॉल घातले. एका सोबत्याचा सोपा बॉल हुकला, तेव्हा त्याने त्याला ‘स्नूकर’ म्हटलं. लष्करी अकादमीतल्या नवख्या कॅडेटला चिडवायचा हा शब्द. तोच खेळाला चिकटला. पुढे उटीच्या क्लबात नियम लिहून काढले गेले आणि खेळ इंग्लंडला पोचला.

म्हणजे खेळ नर्मदेकाठचा. मग व्यावसायिक टूरवरचे भारतीय खेळाडू बोटांवर मोजण्याइतकेच का?

गुणवत्ता कमी पडते म्हणावं, तर तसं दिसत नाही. १९८४ मध्ये डब्लिनला ओम अगरवाल हौशी गटाचे विश्वविजेते झाले. २००३ मध्ये पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीने चीनमध्ये तेच विजेतेपद मिळवलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर आहे.

ती पायरी नीट समजून घेऊ. हौशी खेळाडू राज्य, राष्ट्रीय, आशियाई आणि जागतिक स्पर्धा खेळतो. आठ-दहा दिवसांची स्पर्धा झाली की तो घरी येतो. व्यावसायिक टूरवर साधारण १२८ खेळाडू असतात. तिथे जायचे मुख्य रस्ते दोन: मोठी हौशी स्पर्धा जिंकायची, नाहीतर क्यू स्कूल या पात्रता स्पर्धेतून वर यायचं. कार्ड मिळतं ते दोन मोसमांचं. क्रमवारी ठरते बक्षिसाच्या रकमेवर. दोन वर्षांनी पहिल्या चौसष्टात नसलात, तर बहुतेक वेळा पुन्हा पात्रतेच्या रांगेत.

बऱ्याच पात्रता फेऱ्या इंग्लंडमध्ये होतात. मुंबईच्या मुलाला तिकीट, व्हिसा, भाड्याची खोली, सरावाचं टेबल, सगळं आधी खिशातून उभं करावं लागतं. पहिल्याच फेरीत हरला, तर कित्येक स्पर्धांत हाती काही येत नसे. २०२२ मध्ये मोसमाला २०,००० पौंडांच्या कमाईची हमी सुरू झाली, पण इंग्लंडात राहून जगभर फिरायचं तर तेवढ्यात ओढाताणच होई. शिवाय टेबलही वेगळं. कापड वेगवान, पॉकेट काटेकोर. क्लबात जाणारा बॉल तिथे जबड्यात अडकून बाहेर येतो.

आता मुंबईचा आदित्य मेहता बघा. टूरवरच्या पहिल्या प्रयत्नात त्याचं कार्ड टिकलं नाही. तो परत हौशी स्पर्धांकडे वळला, २०१२ मध्ये आशियाई विजेता झाला आणि पुन्हा टूरवर आला. २०१३ मध्ये कोलंबियातल्या कालीला वर्ल्ड गेम्सचं सुवर्णपदक त्याने मिळवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीला पहिली इंडियन ओपन झाली आणि आदित्य अंतिम फेरीत पोचला. क्रमवारीच्या स्पर्धेत एवढी मजल मारणारा तो पहिला भारतीय. अंतिम सामना चीनच्या डिंग जुनहुईने ५-० असा जिंकला. पुढच्या वर्षी आदित्यने १४७ चा ब्रेक केला. पंधराही लाल बॉल, प्रत्येकानंतर काळा, मग सगळे रंगीत, एकही चूक नाही. त्यानंतर मान-खांद्याच्या दुखण्याने गाठलं आणि टूरवरची जागा गेली. दुखापतीसाठी क्रमवारी फार काळ थांबत नाही.

पंकजने वेगळा रस्ता धरला. २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये त्याने उपांत्यपूर्व फेरी गाठली, आणि २०१४ मध्ये आपणहून कार्ड सोडलं. घराजवळ राहायचं होतं, बिलियर्ड्सही खेळायचं होतं. त्याच्या नावावर आज दोन डझनांहून जास्त जागतिक विजेतेपदं आहेत. त्याने कच खाल्ली असं मला वाटत नाही. दोन्ही खेळांत राहायचं तर एका टूरला सगळं वर्ष देता येत नाही, हा हिशेब त्याने वेळेवर केला.

इंडियन ओपन २०१३ ते २०१९ दरम्यान पाच वेळा झाली: दिल्ली, मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम आणि कोची. मग ती थांबली. घरच्या मैदानावर नावाजलेल्या खेळाडूंशी भिडायची संधी गेली, ती त्याबरोबरच.

तरी रस्ता बंद नाही. मुंबईचाच इशप्रीत सिंग चढ्ढा २०२३ मध्ये आशिया-ओशनिया क्यू स्कूलमधून टूरवर गेला आणि २०२४ मध्ये इंग्लिश ओपनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला.

तुमच्या घरात कोणी क्यू हातात घेतला असेल, तर ‘पोरगं किती चांगलं खेळतं’ एवढंच विचारू नका. दोन वर्षं परक्या गावात, हरत हरत शिकायला त्याला कोण उभं ठेवणार, हेही विचारा. जबलपूरच्या त्या मेसमध्ये नवख्याला ‘स्नूकर’ म्हणून हसले होते. व्यावसायिक टूरवर गेलेला प्रत्येक भारतीय पुन्हा तसाच नवखा होतो. त्याला गरज असते ती नवखेपणाची ही दोन वर्षं निभावून नेणाऱ्याची.