पाल, दिवा आणि पातेल्याचे झाकण

एका शिक्षिकाबाईंचे आम्हाला पत्र आले. त्यांच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी ज्या खोलीत शिजते, तिथे पाली फार झाल्या होत्या. एके सकाळी रिकाम्या पातेल्यात मेलेली पाल सापडली. पातेले घासून घेतले, पण बातमी गावभर झाली आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या मुलांनी घरून डबे आणले. 'पाली घालवण्याचा खात्रीचा उपाय कळवावा, कोणते औषध मारावे तेही लिहावे,' एवढीच बाईंची विनंती होती. आम्ही उत्तर लिहायला बसलो, तेव्हा लक्षात आले की या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. पाल विषारी असते का? ती तिथे येते कशासाठी? आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. आपल्या घरांत दिसणाऱ्या पाली बहुतेक हेमिडॅक्टिलस या प्रजातीतल्या असतात. फिकट, पिवळसर पोटाची धिप्पाड पाल, 'चुक् चुक्' असा स्पष्ट आवाज काढणारी लहान पाल, पाठीवर खडबडीत दाणे असलेली तपकिरी पाल, अशा तीन-चार जाती थोड्या निरीक्षणाने विद्यार्थ्यांनाही वेगळ्या ओळखता येतात. यांपैकी एकीलाही विषग्रंथी नाही. विषाचे दात नाहीत, कातडीतून विष पाझरत नाही, शेपटीतही काही नाही. जगात पालींच्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत, पण चावून किंवा अन्नात पडून माणसाला विषबाधा करील अशी एकही नाही. पंचांगातल्या पल्लीपतनाच्या कोष्टकात पाल कुठे पडली म्हणजे काय फळ मिळते ते दिलेले असते. विषाचा समज त्याच भीतीला चिकटून आला असावा.

मग पाल पडलेली खिचडी खावी का? मुळीच नाही. ती टाकूनच द्यावी. पण कारण नीट समजून घेतले पाहिजे. पालीच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेला गटाचे जिवाणू असू शकतात. पाल उकळत्या पातेल्यात पडली असेल तर हे जिवाणू उष्णतेने मरतात. शिजवून कोमट झालेल्या अन्नात पडली असेल, किंवा झाकण नसलेल्या भांड्यात तिची विष्ठा पडली असेल, तर मात्र त्यांना वाढायला ऊब आणि अन्न दोन्ही आयते मिळते.

आता वेळेचा हिशेब पाहू, कारण शिक्षकांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. साल्मोनेला पोटात गेल्यावर त्रास सुरू व्हायला बहुधा सहा तास ते तीन दिवस लागतात. याउलट, स्वयंपाक करणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून अन्नात गेलेल्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंनी तिथे आधीच विष तयार करून ठेवले असेल, तर उलट्या अर्ध्या तासापासून काही तासांच्या आत सुरू होतात. शिजवून बराच वेळ कोमट राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस हा जिवाणूही असेच विष तयार करतो. ही दोन्ही विषे अन्न पुन्हा उकळल्याने नष्ट होत नाहीत. म्हणजे खिचडी खाऊन तासाभरात मुले ओकू लागली आणि नेमकी त्याच वेळी पातेल्यात पाल दिसली, तर ती पाल या उलट्यांचे कारण असण्याचा संभव फार कमी आहे. किळस आणि भीती यांनीही उलट्या होतात आणि एका मुलाचे पाहून दुसऱ्याला होतात, हेही खरे आहे. मात्र कोणाला भीतीने झाले आणि कोणाला अन्नाने, हे वर्गात ठरवत बसू नये. मुलांना डॉक्टरांकडे न्यावे, वाढणे थांबवावे, अन्नाचा नमुना स्वच्छ भांड्यात झाकून ठेवावा. पालीवर ठपका ठेवला की चौकशी तिथेच थांबते, आणि खरे कारण तसेच राहते.

खरे कारण राहिले की काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्या देशात घडून गेले आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले मरण पावली. तपासणीत तेलात आणि अन्नात मोनोक्रोटोफॉस हे शेतीत वापरले जाणारे कीटकनाशक सापडले. बाईंनी 'कोणते औषध मारावे' असे विचारले होते, ते वाचून आम्हाला आधी हीच घटना आठवली. जिथे मुलांचे अन्न शिजते तिथे पालीसाठी औषध आणणे म्हणजे नसलेले विष घालवण्यासाठी खरे विष घरात घेणे होय.

तेव्हा औषधाविषयी काही न लिहिता आम्ही बाईंना उलट प्रश्न विचारला: त्या खोलीत रात्री दिवा जळतो का? उत्तर आले, हो. चोरी होऊ नये म्हणून दारावरची ट्यूबलाइट रात्रभर चालू असते, आणि दाराच्या वरची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर यात आले. पाल घरात आपल्यासाठी येत नाही आणि आपल्या अन्नासाठीही येत नाही. ती पतंग, माश्या, डास, झुरळांची पिल्ले, कोळी आणि पहिल्या पावसानंतर उडणारी पंखांची वाळवी खाते. हे कीटक दिव्याकडे येतात म्हणून पाल दिव्याजवळ येते. कीटक दिव्याकडे का येतात, याबद्दल पूर्वी अनेक तर्क होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचे उड्डाण टिपले, तेव्हा दिसले की उडणारा कीटक आपली पाठ प्रकाशाकडे वळवतो. निसर्गात रात्री उजेड आकाशाकडूनच येतो, त्यामुळे या सवयीने त्याला वर कुठे आणि खाली कुठे ते कळते. जवळच दिवा असला की तो सतत दिव्याकडे पाठ वळवत राहतो आणि त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतो. पालीच्या दृष्टीने हे ताट वाढून ठेवल्यासारखेच झाले.

दिव्याचे हे महत्त्व किती, ते पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर फार स्पष्ट दिसले आहे. आपल्याकडे घरोघरी 'चुक् चुक्' करणारी हेमिडॅक्टिलस फ्रेनेटस ही पाल जहाजांतून, मालाच्या पेट्यांतून जगभर पसरली. हवाईत ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पोचली. तिथल्या घरांवर त्याआधी लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस ही लहान पाल राहत असे. हिच्यात नर जवळजवळ नसतातच. मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. एकटी मादी बेटावर वसाहत सुरू करू शकते, म्हणजे खरे तर पसरण्यात तीच वरचढ ठरायला हवी होती. तरी वस्त्यांमधून ती मागे हटली. पेट्रेन, बोल्जर आणि केस या संशोधकांनी १९९३ साली दाखवले की याचे मुख्य कारण दिव्याभोवती दाटीने जमणारे कीटक हे होते. अन्न एका जागी गोळा झाले की मोठी आणि चपळ पाल ते पटकावते, लहान पाल दूर राहते. कोणती पाल कुठे राहणार, हे तिथे माणसांनी लावलेल्या दिव्यांनी ठरवले.

भिंत गुळगुळीत केली तर पाल चढणार नाही, असे काहींना वाटते. हा उपाय का चालत नाही, ते तिच्या पायांत आहे. पालीच्या बोटांखाली पट्ट्या असतात आणि त्यांवर सूक्ष्म केस. मोठ्या टोके पालीच्या एका पावलावर असे सुमारे पाच लाख केस असतात, आणि प्रत्येक केसाचे टोक शेकडो चपट्या फाट्यांत विभागलेले असते. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एका केसाची पकड मोजली, आणि २००२ साली दाखवून दिले की ही पकड व्हॅन डर वाल्स बलांची आहे. म्हणजे यात ना डिंक, ना हवेच्या दाबावर चिकटणारी वाटी. दोन पृष्ठभाग अत्यंत जवळ आले की त्यांच्या रेणूंमध्ये जे क्षीण आकर्षण असते, तेच लाखो ठिकाणी एकदम वापरले जाते. काच, ऑइलपेंट, चकचकीत टाइल, सगळे तिला सारखेच. कोरड्या टेफ्लॉनवरून मात्र ती घसरते, पण टेफ्लॉनच्या भिंती कोण बांधणार? पाऊल सुटते कसे, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. पाल बोट टोकाकडून वर वळवून सोलल्यासारखे उचलते, आणि हे ती पळताना प्रत्येक पावलाला करते. काचेच्या खिडकीवर पाल बाहेरून बसली असेल तर आतून भिंग लावून पाहावे; पट्ट्या छान दिसतात.

आता प्रचलित उपायांबद्दल. अंड्याची टरफले टांगणे, मोरपीस लावणे, लसूण ठेवणे यांनी पाली जातात याला आधार नाही. टरफलांना बलक चिकटलेला असला तर मुंग्या आणि झुरळे येतात, म्हणजे पालीचे खाद्यच वाढते. मोरपिसावर बसलेली पाल आम्ही स्वतः पाहिली आहे. विजेवर चालणारी 'अतिध्वनी' यंत्रे बाजारात मिळतात. घरातल्या पालींना ऐकू येणारे आवाज त्यापेक्षा बऱ्याच खालच्या पट्टीतले असतात. हे उपाय निदान निरुपद्रवी म्हणता येतील. डांबरगोळ्यांचे तसे नाही. त्यांतल्या नॅप्थॅलिनने, जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात, आणि कोणत्या मुलात ही कमतरता आहे हे वरून दिसत नाही. तपकीर आणि कॉफीच्या गोळ्या करून कोपऱ्यात ठेवणे हा उपाय तर आम्हाला सर्वांत वाईट वाटतो. निकोटिन हे तीव्र विष आहे, गोळी लहान मुलाच्या हाताला सहज लागते, आणि पाल मेलीच तर कपाटामागे कुजते.

झाडू घेऊन मागे लागण्यानेही फारसे साधत नाही. पाल शेपूट टाकते. शेपटीच्या मणक्यांत तुटण्यासाठी ठरावीक जागा असतात. तुटलेला तुकडा काही मिनिटे वळवळत राहतो, आपण त्याच्याकडे पाहतो आणि पाल फटीत जाते. नवी शेपूट येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची एक नळी असते. शिवाय एक पाल घालवली तरी दिवा आणि फट तिथेच असेल, तर शेजारची त्या जागी येते.

म्हणून सुरुवात दिव्यापासून. दारावरचा, खिडकीजवळचा दिवा रात्री नको असेल तर बंद ठेवावा. हवाच असेल तर दारापासून दहा-बारा फूट दूर खांबावर किंवा झाडावर लावावा, म्हणजे कीटक तिथे जमतील आणि पालीही तिकडे जातील. निळसर पांढऱ्या प्रकाशापेक्षा पिवळसर एलईडीकडे कीटक कमी येतात. दिव्याच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० के असा आकडा असतो तो पाहून घ्यावा. त्यानंतर फटी. यांसाठी एक सोपी परीक्षा आहे. रात्री खोलीत दिवा लावून दारे-खिडक्या बंद कराव्यात आणि बाहेर अंधारात उभे राहून पाहावे. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून पालीचे पिल्लू आत येऊ शकते. अंड्यातून निघते तेव्हा ते शेपटीसकट पाच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि चपटे असते. दाराखाली रबराची पट्टी, खिडकीला बारीक जाळी, वायर आणि नळ जातात त्या भोकांना सिमेंट किंवा पुट्टी. कौलारू छपराचे मात्र काही करता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. तिथे सगळा भर झाकणावर द्यावा: पातेले, पाण्याची टाकी, तांदळाचा डबा. रिकामी भांडी पालथी ठेवावीत. उंच आणि गुळगुळीत पातेल्यातून पाल एरवी चढून येते, पण आत तेलाचा किंवा पाण्याचा थर असला तर पावलांची पकड नीट बसत नाही आणि ती अडकते.

आत राहिलेली पाल पकडायला हिवाळ्याची सकाळ उत्तम. पालीच्या शरीराचे तापमान परिसरावर अवलंबून असते, त्यामुळे गारठ्यात ती सुस्त असते. रुंद तोंडाची बरणी तिच्यावर हलकेच पालथी घालावी, भिंत आणि बरणी यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकवावा आणि दूर झाडीत नेऊन सोडावी. नंतर हात साबणाने धुवावेत. भिंतीवरच्या लेंड्या ओल्या फडक्याने पुसाव्यात. त्यांच्या टोकाचा पांढरा भाग म्हणजे यूरिक आम्ल. पाणी वाचवण्यासाठी पाल मूत्र असे घट्ट स्वरूपात टाकते, हे वर्गात सांगण्याजोगे आहे.

बाईंनी ट्यूबलाइट काढून अंगणातल्या खांबावर पिवळा दिवा लावला, जाळी बदलली आणि पातेली पालथी ठेवायला सुरुवात केली. सातवीच्या मुलांनी रोज संध्याकाळी साडेसातला दोन्ही ठिकाणच्या पाली मोजून वहीत लिहिल्या. महिन्याभरात दारावरच्या पाली जवळपास गेल्या, खांबावर वाढल्या. खोलीत मात्र एक पाल दिसतच राहिली. शोधाशोध केली तेव्हा ती राहत होती ती जागा सापडली: कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या महाराष्ट्राच्या जुन्या नकाशाच्या गुंडाळीत, आणि तिच्याजवळ वाटाण्याएवढी दोन पांढरी, कडक कवचाची अंडी. मुलांनी ती फेकू दिली नाहीत. खोक्यात वाळू घालून ती वऱ्हांड्यात ठेवली आहेत. पिल्ले निघायला साधारण दीड-दोन महिने लागतात. तारीख खोक्यावर लिहिली आहे, असे बाई कळवतात.