खाली बसलेली गाडी

माझा भाचा बर्मिंगहॅमला राहतो. आम्हा कोकणी मुसलमानांची तिकडे बरीच घरं आहेत, त्यातलंच एक माझ्या धाकट्या बहिणीचं. 2018 साली मी तिच्याकडे महिनाभर होतो. तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे आणि घरात गाडी एकच होती. भाच्याची माझदा एमएक्स-5, दोन माणसांची, उघड्या टपाची. त्याच गाडीनं तो रोज कामावर जाई, त्याच गाडीनं आईला आणी.

आधीच्या मालकानं ती पन्नासेक मिलिमीटर खाली बसवलेली होती. दिसायला मोठी देखणी. पण बहीण घरी आली की सुया टोचलेला हात पोटाशी धरून तासभर पडून राही. म्हणे, उपचाराचं दुखत नाही, रस्त्याचं दुखतं. एके दिवशी मी तिच्या जागेवर बसून तोच रस्ता पाहिला. ब्रिटनमध्ये स्पीडब्रेकर नियमानं 100 मिलिमीटरपर्यंत उंच असू शकतो. दुसऱ्याच स्पीडब्रेकरला माझे दात एकमेकांवर आपटले.

"ही गाडी विकून टाक," मी म्हटलं.

"मामू, तुम्ही कविता सोडाल का?"

कवितेला गिऱ्हाईक नसतं, एवढाच तो फरक. पण पोराचं म्हणणं मला कळलं. 1989 साली ही गाडी आली तेव्हा ती बनवणाऱ्या जपानी लोकांनी एक शब्द पुढे ठेवला होता, 'जिन्बा इत्ताई'. म्हणजे घोडा आणि स्वार एक होणं. पहिल्या पिढीतली ही गाडी जेमतेम हजार किलोची, आणि तिचं प्रत्येक चाक दोन आडव्या दांड्यांवर स्वतंत्र धरलेलं. अशी गाडी थोडी खाली आणली तर वळणावर कमी कलते, हातात जास्त येते. तेव्हा प्रश्न असा होता की घोडाही राहावा आणि आईची पाठही.

मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस, पण वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. पाटे आणि शॉकअप हे शब्द मी वृत्तांच्या आधी शिकलो. त्या पुण्याईवर थोडं सांगतो.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का पोटात घेते. पण घेतलेला धक्का ती परत देते, गाडी नाचवते. तो नाच थांबवण्याचं काम शॉकअपचं. त्यातलं तेल बारीक भोकांतून आणि झडपांतून ढकललं जातं, धक्क्याची उष्णता होते आणि विषय मिटतो. तिसरी वस्तू कुणाच्या लक्षात येत नाही. शॉकअपच्या दांडीवर एक रबरी ठोकळा असतो. चाक फार वर आलं की त्याच्यावर टेकतं.

आता हिशेब करा. समजा चाकाला वर यायला ठोकळ्यापर्यंत 80 मिलिमीटर जागा आहे. गाडी 50 मिलिमीटर खाली बसवली की उरली 30. मग प्रत्येक स्पीडब्रेकरला स्प्रिंग संपते आणि ठोकळा लागतो. लोक म्हणतात, स्प्रिंग कडक आहे म्हणून हिसके बसतात. इथं उलटं होतं. स्प्रिंग नरमच होती, हिसका ठोकळ्याचा होता. भाच्यानं शॉकअपच्या दांडीला प्लॅस्टिकचा एक टाय बांधला आणि गाडी फिरवून आणली. टाय थेट ठोकळ्याला जाऊन चिकटलेला! मी त्याला म्हटलं, हा तुझा पंचनामा.

म्हणून खाली बसलेली गाडी आरामाची करायची तर आधी ती थोडी वर आणायची. आम्ही 25 मिलिमीटरवर थांबलो. डोळ्याला तेवढं पुरतं. चाक आणि मडगार्ड यांमधली पोकळी भरली की गाडी देखणी दिसते, पुढचे 25 नुसती हौस. आणि जागा मुळात कमी झाली असल्यामुळे स्प्रिंग मूळच्यापेक्षा थोडी ताठ घ्यायची. फार नाही. याला एक माप आहे. नेहमीची घरगुती गाडी स्प्रिंगवर सेकंदाला एक ते दीड वेळा हेलकावते, स्पोर्ट्स गाडी दीड ते दोन वेळा, शर्यतीची त्याहून जास्त. आपण रमतगमत चालतो तेव्हा अंगही साधारण दीड-दोनदा वरखाली होतं, त्यामुळे ती लय शरीराला ओळखीची. सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे उभे हादरे मात्र माणसाला सर्वांत जास्त सोसवत नाहीत, पोटातलं सगळं हलतं. दीडच्या आसपास राहा, असं मी म्हटलं. मात्रा मोजायची सवय कुठे तरी कामाला येते.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचंही नातं असतं. मॉरिस ऑली नावाचा इंग्रज इंजिनिअर 1930 च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये यावर काम करत होता. उंचवटा आधी पुढच्या चाकाला भेटतो, मग मागच्याला. मागची बाजू जरा जलद हेलकावणारी ठेवली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी डोकं हलवत बसत नाही. बाजारातल्या कित्येक संचांत पुढचीच स्प्रिंग भलती ताठ असते, आणि मग गाडी होकार दिल्यासारखी डुलत जाते.

पैसा घालायचा तो शॉकअपमध्ये. उंची कमी-जास्त करता येणारे आटेदार संच मिळतात, त्यांवर कडकपणाची फिरकीही असते. पोरं ती शेवटपर्यंत पिळतात. परतीचा दाब फार झाला तर चाक एका उंचवट्यानंतर खाली यायच्या आत दुसरा उंचवटा येतो. असं करत करत गाडी दबत जाते आणि पुन्हा ठोकळ्यावर बसते. ओळीनं स्पीडब्रेकर असलेल्या गल्लीत हे हमखास होतं. भाच्यानं फिरकी नरम टोकापासून सुरू केली, आणि गाडी एका हेलकाव्यात थांबू लागली तिथं सोडली. ठोकळेही आखूड आणि मऊ घेतले.

टायरचं त्याला पटवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. मूळ टायर 185/60, रिम 14 इंची, म्हणजे रबराची भिंत 111 मिलिमीटर. त्यावर होते 205/40, रिम 17 इंची, भिंत 82. चाकाची जड थाळी शोभेची, पण पहिली गादी तीच, टायरची. शेवटी 15 इंचावर तडजोड झाली.

मेकॅनिकनं आणखी एक गोष्ट केली, ती मला माहीत नव्हती. दांड्यांचे बोल्ट त्यानं गाडी चाकांवर उभी करून आवळले. लटकत्या चाकांवर आवळले तर आतली रबरं कायमची पिळलेली राहतात आणि तीच स्प्रिंगसारखी अडतात. मग चाकांचे कोन मोजून घेतले आणि विमा कंपनीला बदल कळवले. तिकडे ते कळवावेच लागतात. इकडे हे वाचून कुणी स्प्रिंगा कापायला निघू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आपल्याकडे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं 2019 च्या जानेवारीत तेच बजावलं. आणि कापलेली स्प्रिंग चाक लोंबकळलं की जागेवरून सुटू शकते, ते कायद्याहून वाईट.

मी निघायच्या आदल्या दिवशी बहीण हॉस्पिटलातून आली ती पडून न राहता चहा टाकायला गेली. गाडीतून उठून बाहेर येणं तेवढं आमच्या हिशेबात बसलं नाही. 25 मिलिमीटर वर आणूनही सीट जमिनीलगतच होती, तिला दारातून ओढून काढायला आम्ही दोघं लागत होतो, आणि ती दोघांनाही शिव्या देत होती.