कान आणि कर्ता

प्रवेशपरीक्षांतील इंग्रजी व्याकरणाच्या प्रश्नांबद्दल आपल्या मुलामुलींत एक समजूत घट्ट रुजली आहे. ज्याच्या घरात इंग्रजी बोलले जाते त्यालाच वाक्यातली चूक ऐकू येते. आपल्याला तो कानच नाही, तेव्हा हा भाग सोडून द्यावा. मी स्वतः घरातला पहिला पदवीधर. इंग्रजी माझ्या कानावर पडले ते शाळेच्या वर्गातच. पण महाविद्यालयात इंग्रजी शिकवताना ही समजूत मला पटेनाशी झाली आहे. सोप्या प्रश्नांना कान पुरतो हे खरे. अवघड प्रश्न मात्र कानाला फसवण्यासाठीच रचलेले असतात. तेथे इंग्रजी घरातला विद्यार्थीही अडखळतो.

महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत २०२४ साली १५० मिनिटांत २०० प्रश्न होते, त्यांतले ५० इंग्रजीचे. म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट. तेवढ्या वेळात पाहायचे काय, हे आधी ठरलेले असावे लागते.

एक वाक्य घ्या : 'द लिस्ट ऑफ द स्टुडंट्स हू हॅव अप्लाइड फॉर द स्कॉलरशिप्स आर ऑन द बोर्ड.' आपला विद्यार्थी 'स्कॉलरशिप्स आर' हे जोडून वाचतो आणि वाक्य बरोबर म्हणतो. त्याचे असे का होते? मराठीत हेच वाक्य 'शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांची यादी फलकावर आहे' असे होते. सगळी विशेषणे आधी, मुख्य नाम शेवटी, म्हणजे क्रियापदाच्या बाजूला. जवळच्या नामाशी क्रियापद जुळवण्याची त्याची सवय मराठीतल्या अशा वाक्यांत बिनचूक ठरते. कर्मणी प्रयोगाने ती आणखी पक्की केली आहे : 'आईने भाकरी केली' यात क्रियापद आईकडे पाहत नाही, शेजारच्या भाकरीकडे पाहते. इंग्रजीत मुख्य नाम आधी येते आणि त्याची शेपटी मागून लांबत जाते. म्हणून 'ऑफ', 'इन', 'फॉर', 'हू' यांच्यापासून सुरू होणारे तुकडे पेन्सिलीने कंसात टाकावेत. उरते ते 'द लिस्ट... आर ऑन द बोर्ड'. चूक आता डोळ्यांनाच दिसते. या मुलाला 'तुला व्याकरण येत नाही' असे म्हणणारा मास्तर त्याच्यावर अन्याय करतो. त्याला एक व्याकरण चांगलेच येते. दुसऱ्याची मांडणी त्याला कोणी दाखवलेली नसते.

तुलनेची वाक्ये अशीच. 'मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त आहे' हे आपण रोज म्हणतो. 'द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज ग्रेटर दॅन पुणे' हे परीक्षेत चूक ठरते, कारण लोकसंख्येची तुलना शहराशी झाली. तेथे 'दॅन दॅट ऑफ पुणे' हवे. 'रस्त्याने चालताना देऊळ दिसले' हे शुद्ध मराठी आहे. पण 'वॉकिंग डाउन द रोड, द टेंपल वॉज सीन' म्हटले की इंग्रजी व्याकरणाच्या हिशेबाने देऊळच चालू लागते! वाक्याच्या आरंभी असा तुकडा दिसला की स्वल्पविरामानंतर येणारा कर्ता ते काम करू शकतो का, एवढेच विचारावे.

आता उलटे उदाहरण. 'शी इज वन ऑफ द टीचर्स हू टीच इन द नाइट स्कूल.' येथे इंग्रजी कानाला 'टीचेस' गोड लागते, आणि तो फसतो. आपण मराठी करून पाहावे : 'रात्रशाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांपैकी ती एक आहे.' शिकवणारे अनेक आहेत हे मराठीने लगेच सांगितले, म्हणून 'टीच'. मराठी दर वेळी आड येतेच असे नाही.

मात्र सगळेच असे तर्काने सुटत नाही. 'अ' आणि 'द' यांचा वापर, कोणत्या शब्दापुढे कोणते शब्दयोगी अव्यय, ही बरीचशी सहवासाची बाब आहे. तेथे ज्याच्या घरात इंग्रजी वृत्तपत्र येते त्याची सरशी होते, आणि हा भाग बुद्धी मोजतो असे मला वाटत नाही. जीमॅट या व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या २०२३ साली आलेल्या नव्या आवृत्तीतून वाक्यदुरुस्तीचे प्रश्न वगळण्यात आले. आपल्याकडे ते आहेत तोवर आपल्या मुलांनी आधी कर्ता, तुलना आणि आरंभीचा तुकडा तपासावा. अव्ययांचे प्रश्न शेवटी घ्यावेत, त्यांवर मिनिटे जाळू नयेत. आणि २०२४ च्या सीईटीप्रमाणे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसतील, तर एकही जागा कोरी ठेवू नये.