शय्याव्रण

शय्याव्रण (दाबव्रण, बोलण्यात 'बेडसोअर') म्हणजे शरीराचा एकच भाग दीर्घकाळ दबून राहिल्याने त्वचेला व तिच्याखालील मांसाला होणारी इजा. पक्षाघात, मेरुरज्जूची दुखापत, खुब्याचे हाड मोडणे किंवा वार्धक्य यांमुळे ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही, त्यांना ती होते. माकडहाड, टाचा, खुबे व घोटे या तिच्या नेहमीच्या जागा होत.

कारणे

हाड व गादी यांच्यामध्ये चेपलेल्या केशवाहिन्यांतील रक्तप्रवाह थांबतो. निरोगी माणूस झोपेतही नकळत हालचाल करून हा दाब सोडवतो. परावलंबी रुग्णाला ते शक्य नसते. घामाने व मूत्राने भिजलेली त्वचा लवकर सोलवटते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये तापमान ४० अंश सेल्सिअसपलीकडे जाते. त्या दिवसांत रेक्झिनच्या गादीवरील रुग्णाची पाठ वरचेवर कोरडी करावी लागते. जाड विणीची सोलापुरी चादर पांघरण्यास उत्तम. अंगाखाली मात्र पातळ, मऊ सुती चादर सुरकुती न ठेवता अंथरणे हितावह असते.

ओळख

बोटाने दाबून सोडल्यावरही फिकी न होणारी लाली ही पहिली खूण होय. परंतु हे वर्णन गोऱ्या त्वचेचे आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसतेच असे नाही. म्हणून ती जागा भोवतालच्या त्वचेपेक्षा गरम, कठीण, दुखरी किंवा अधिक काळसर आहे काय, हे रोज हात लावून पाहावे लागते. त्वचा फाटण्यापूर्वीच आत इजा झालेली असू शकते.

प्रतिबंध

इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १९४४ पासून डॉ. लुडविग गुटमन यांनी मेरुरज्जूच्या रुग्णांना रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवण्याची शिस्त घातली. तोवर असे बहुसंख्य रुग्ण व्रणांतील व मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाने दगावत. आज हे अंतर रुग्णाची त्वचा व गादी पाहून ठरवतात. हवेची गादी दाब कमी करते, पण तिच्यामुळे वळवण्याचे काम टळत नाही. कुशीवर पूर्ण न झोपवता पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंश कलते ठेवतात. पोटऱ्यांखाली उशी दिल्यास टाचा अधांतरी राहतात. वर सरकवताना रुग्णाला ओढू नये, दोघांनी चादरीसह उचलावे. ओढल्याने त्वचा जागीच राहते आणि आतील मांस ताणले जाते.

लाल जागा चोळणे, तिला स्पिरिट लावणे आणि कंबरेखाली हवेचे कडे ठेवणे हे रूढ उपाय अपायकारक आहेत. कड्याच्या काठावर दाब उलट वाढतो. नुसत्या पेजेवर ठेवलेल्या रुग्णाची त्वचा टिकत नाही. डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने आवश्यक असतात. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याने दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर भार देऊन बैठक उचलावी किंवा पुढे वाकावे. फोड, काळा डाग, दुर्गंधी वा ताप आढळल्यास वैद्यकीय उपचार तातडीने घ्यावे लागतात.