रिठ्याची चुलत बहीण

रिठा आपल्या ओळखीचा, लिचीही. या दोघांच्या कुळातली एक वेल ॲमेझॉनच्या जंगलात वाढते, तिचं नाव ग्वाराना. तिचं लाल फळ पिकून उकललं की पांढऱ्या गरात बसलेलं काळं बी दिसतं, हुबेहूब डोळ्यासारखं. ब्राझीलच्या मावेस भागातले सातेरे-मावे आदिवासी सांगतात, की मारल्या गेलेल्या एका लहान मुलाचा डोळा पुरला, त्यातून ही वेल उगवली.

त्यांची ग्वाराना करायची पद्धत मोठी निगुतीची. बिया भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात मळून त्यांच्या कांड्या वळायच्या आणि धुरावर वाळवायच्या. मग पिरारुकू या प्रचंड माशाच्या हाडासारख्या खरखरीत जिभेवर कांडी घासून कीस पाण्यात मिसळायचा. आपण सहाणेवर मायफळ उगाळतो तसंच, फक्त इथे सहाण माशाची! हे पेय पिऊन शिकारीला गेलेल्यांना दिवसभर भूक लागत नाही, अशी नोंद योहान बेटेनडॉर्फ या जेझुइट धर्मप्रसारकानं 1669 मध्ये करून ठेवली आहे.

आज हीच ग्वाराना एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर झळकते, बहुतेकदा ‘नैसर्गिक’ या शब्दाचा हात धरून. खरी गोम या शब्दात आहे.

1819 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यानं कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळं काढलं. सात वर्षांनी मार्टियस या संशोधकानं ग्वारानातून एक द्रव्य मिळवलं आणि त्याला ‘ग्वारानिन’ म्हटलं. चहातल्या द्रव्याला कुणी ‘थेईन’ म्हणालं. पुढे कळलं, की हे सगळं कॅफीनच. एकच इसम गावोगाव वेगळ्या नावानं राहत होता! ‘ग्वारानिन सौम्य असतं’ असं कुणी आजही सांगितलं, तर हसून सोडून द्यावं. उलट कॉफीच्या बीत साधारण एक ते दोन टक्के कॅफीन असतं, ग्वारानाच्या बीत बहुधा तीन ते सहा टक्के.

वनस्पती हे बनवते ते आपल्याला तरतरी यावी म्हणून नव्हे. कुरतडणाऱ्या किडींसाठी ते विष आहे. आपण आकारानं मोठे, म्हणून आपल्याला त्याची नुसती झिंग येते.

जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि ठरलेल्या जागी बसून ‘आता झोप’ असा निरोप देतं. कॅफीन आधीच ती जागा अडवतं. थकवा असतो तिथेच असतो, त्याची वर्दी तेवढी पोचत नाही. रक्तातलं निम्मं कॅफीन उतरायला निरोगी माणसाला सुमारे पाच तास लागतात, गरोदरपणात बरेच जास्त. रात्री दहाला डबा रिकामा करणाऱ्या परीक्षार्थीच्या अंगात पहाटे तीनलाही त्यातलं अर्धं शिल्लक असतं.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2015 मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा सांगितली, गरोदर स्त्रियांसाठी 200. अमेरिकेत पनेरा या उपाहारगृह साखळीच्या ‘चार्ज्ड लेमनेड’च्या मोठ्या पेल्यात ग्वाराना आणि हिरव्या कॉफीचा अर्क मिळून 390 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन असे. जाहिरातीत शब्द होता ‘वनस्पतीजन्य’. पेयामुळे मृत्यू झाल्याचा आरोप करणारे खटले 2023 पासून दाखल झाले. कंपनीनं आरोप नाकारले, मात्र 2024 मध्ये पेय बंद केलं.

सगळा दोष एकट्या कॅफीनचाही नसावा. 2017 मध्ये अमेरिकेत 18 निरोगी तरुणांना एकदा सुमारे एक लिटर एनर्जी ड्रिंक आणि एकदा तेवढंच, 320 मिलिग्रॅम, कॅफीन असलेलं दुसरं पेय दिलं. एनर्जी ड्रिंकनंतर हृदयाच्या विद्युत आलेखातला ‘क्यूटी’ कालावधी जास्त लांबला. हा कालावधी फार लांबला तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. अर्थात 18 माणसांवरून निकाल लागत नाही आणि दोषी घटक कोणता, हेही त्यातून ठरत नाही. साखरेचा हिशेब मात्र सरळ आहे: 250 मिलिलिटरच्या गोड डब्यात साधारण 27 ग्रॅम.

भारतात अशा पेयात लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन चालतं, मग ते वेलीतून आलेलं असो वा कारखान्यातून. कायद्यानं हा भेद मानलेला नाही, हे फार बरं झालं. लिटरला 300 या हिशेबानं 250 मिलिलिटरच्या डब्यात जास्तीत जास्त 75 मिलिग्रॅम. दिवसाला 500 मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ नये आणि मुलं, गरोदर व स्तनदा माता यांच्यासाठी हे पेय नाही, असंही डब्यावर छापावं लागतं. घरातल्या शाळकरी मुलाच्या हातात असा डबा दिसला, तर रागावण्याआधी तो मजकूर त्याच्याकडूनच मोठ्यानं वाचून घ्या.