गुळाचा च्या का फाटतो?

पाहुणे सोप्यात येऊन बसलेले आणि चुलीवरचा च्या फाटलेला! सातारा-सांगलीकडच्या कितीतरी सुनांनी यापायी बोलणी खाल्ली असतील. दोष सुनेचा नव्हता, गुळाचा होता.

दुधातले केसीन हे प्रथिन बारीक कणांच्या रूपात तरंगते. कणांवर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात. दुधाचा सामू साधारण 6.7 असतो, तो 4.6 पर्यंत उतरला की भार संपतो आणि गार दूधही फाटते. उकळत्या दुधाचे मात्र थोडक्या आम्लावर भागते, आणि ते थोडके आम्ल गूळ पुरवतो.

उसाचा रस मुळातच किंचित आम्लधर्मी. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना गुळव्या चुन्याची निवळी घालतो, ती आम्ल मारते. भेंडीच्या चिकाने मळी वर येते. चुना कमी पडला तर गूळ आंबूस राहतो. शिवाय गुळातली काही साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटलेली असते, ती हवेतला ओलावा ओढते. पावसाळ्यात ढेप पाझरते, सूक्ष्मजीवांचे फावते, आम्लता वाढते. म्हणून हंगामातल्या ताज्या गुळापेक्षा श्रावणातला जुना गूळ जास्त दगा देतो.

1890 साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली होती. तोच चहा पुढे खेड्यापाड्यांत शिरला तेव्हा पाहुण्याला साखरेचा आणि घरच्यांना गुळाचा, अशी वाटणी झाली. गुळाचा च्या म्हणजे गरिबी. आता महामार्गावर त्याच्याच पाट्या झळकतात, तेही साखर कारखान्यांच्या मुलखात!

पाट्यांवरचे आरोग्याचे दावे मात्र मला पटत नाहीत. गुळाचा मोठा भाग साखरच आहे. लोहाचे म्हणाल तर कपभर चहापुरत्या गुळात ते तुटपुंजे असते, आणि चहातली टॅनिनसारखी द्रव्ये त्यातलेही बरेचसे बांधून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत.

चवीसाठी जरूर प्या. गूळ आणि पावडर पाण्यात आधी उकळून घ्या, दूध वेगळे तापवा आणि भांडे खाली उतरवल्यावरच ओता. घरात कुणाला मधुमेह असेल, तर हा कप साखरेच्याच हिशेबात धरा.