लिलावातील यंत्राची किंमत

‘लिलाव’ हा शब्द मराठीने पोर्तुगीज भाषेकडून घेतला. हिंदीतील ‘नीलाम’ही त्याच मुळाचा. शब्द परका असला तरी व्यवहार मात्र आता गावोगावी परिचयाचा झाला आहे. बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो, बँक थकबाकीदाराचे तारण लिलावात काढते, सरकारी कचेऱ्या जुन्या जीपगाड्या ‘निर्लेखित’ ठरवून विकतात. दुकानात वस्तूची किंमत विकणारा सांगतो. लिलावात ती घेणाऱ्यांच्या चढाओढीतून ठरते. जुनी यंत्रे व अवजारे घेणाऱ्या कारागिराचा फायदा किंवा तोटा या एवढ्याशा फरकातच दडलेला असतो.

लिलावात पुकारलेला भाव आणि वस्तूचे मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८५४ साली झाशीप्रमाणेच नागपूरचे राज्यही खालसा झाले. त्यानंतर भोसल्यांच्या हत्ती-घोड्यांचा आणि बैलांचा सीताबर्डीला लिलाव झाला, आणि ती उमदी जनावरे मातीमोल भावाने गेली. जनावरांचे मोल एका दिवसात उतरले नव्हते. विकणाऱ्याला केवळ विकून मोकळे व्हायचे होते. याच्या उलट प्रकारही तितकाच घडतो. घेणारे पुष्कळ जमले, की सामान्य वस्तू मोलापेक्षा महाग जाते. पहिल्या प्रकारात विकणारा लुबाडला जातो आणि सर्वांना ते दिसते. दुसऱ्या प्रकारात घेणारा स्वतःच्या हाताने लुबाडून घेतो, आणि त्या वेळी लोक त्याचे अभिनंदन करत असतात.

झाशी शहर मराठी वाचकाला राणी लक्ष्मीबाईंमुळे ठाऊक असते. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांतील झाशी ही प्रामुख्याने रेल्वेची झाशी आहे. १८९५ साली सुरू झालेला तेथील रेल्वे कारखाना मालगाड्यांचे डबे दुरुस्त करतो. २००३ पर्यंत झाशी विभाग मुंबईस मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेत होता. त्या वर्षी तो नव्या उत्तर मध्य रेल्वेत गेला. एवढ्या मोठ्या कारखान्यातून जुने रूळ, चाके, आस, पत्रे आणि कालबाह्य झालेली यंत्रे सतत बाहेर पडत असतात. रेल्वेचा भांडार विभाग या मालाचे गट, म्हणजे ‘लॉट’, पाडून ते लिलावाने विकतो. पूर्वी बोली आवारात उभे राहून पुकारली जाई. आता ती संगणकावरून लावावी लागते. शहरालगत खैलार येथे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना आहे. आसपास खडी फोडण्याची यंत्रे चालतात आणि बुंदेलखंडातील शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर दुरुस्तीला येतात. साहजिकच लहान वर्कशॉपांना लेथ, ड्रिल, वेल्डिंगचे संच यांची गरज भासते. लेथला तिकडे ‘खराद’ म्हणतात. नवी खराद घेण्याची ऐपत नसलेला कारागीर जुन्या मालाकडे वळतो. काही जण थेट लिलावात उतरतात; पुष्कळ जण लिलावात माल उचललेल्या व्यापाऱ्याकडून यंत्र घेतात. कर्ज थकल्यामुळे बँकेने ताब्यात घेतलेली यंत्रेही २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार लिलावात येतात.

‘लिलावात माल स्वस्त मिळतो’ हा समज येथे आधार देतो, आणि तोच पुढे घात करतो. बोलीची रक्कम म्हणजे यंत्राची किंमत नव्हे. ती किमतीचा केवळ पहिला हप्ता असतो. एक कल्पित हिशोब पाहू. एखाद्या व्यापाऱ्याकडे चालवून दाखवलेली, घरपोच मिळणारी जुनी लेथ सर्व करांसह १,६०,००० रुपयांना आहे. तशीच लेथ लिलावात १,४०,००० रुपयांच्या बोलीवर मिळाली, तर वीस हजार वाचले असे वाटते. पण बोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला तर २५,२०० रुपये वाढतात. क्रेन व ट्रक यांचे ९,००० रुपये, बेड घासून घेणे व बेअरिंग बदलणे यांचे २२,००० रुपये आणि मोटर पुन्हा भरून घेण्याचे ६,००० रुपये मिळवले, की एकूण खर्च २,०२,२०० रुपये होतो. कराच्या जाळ्यात नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. नोंदणी नसलेल्या लहान कारागिराला ती मिळत नाही. म्हणजे वीस हजारांच्या बचतीऐवजी बेचाळीस हजारांचा भुर्दंड पडतो, आणि यंत्र चालू होईपर्यंत बुडालेली मजुरी यात धरलेलीच नाही.

हाच हिशोब उलटा मांडला, तर बोलीची मर्यादा हाती येते. व्यापाऱ्याच्या १,६०,००० रुपयांतून वाहतूक व दुरुस्तीचे ३७,००० वजा केले, की १,२३,००० उरतात. त्यात कर सामावलेला असल्याने बोली सुमारे १,०४,००० रुपयांपर्यंतच जाऊ शकते. तेवढ्या बोलीतही व्यापाऱ्याच्या तुलनेत काहीच वाचत नाही. व्यापारी यंत्र चालवून दाखवतो, लिलावात ती सोय नसते. म्हणून मर्यादा त्याहूनही खाली, नव्वद हजारांच्या आसपास, आणणे शहाणपणाचे. हा आकडा लिलावाच्या आधी, घरी बसून, कागदावर लिहायचा असतो. बोली सुरू झाल्यावर केलेल्या हिशोबाला हिशोब म्हणणे कठीण आहे.

लिलावाच्या जाहिरातीत माल ‘जसा आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विकला जाईल, असे बहुधा छापलेले असते. या चार शब्दांत विकणाऱ्याची सारी जबाबदारी संपते. त्यामुळे पाहणीसाठी नेमलेला दिवस हा खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा दिवस होय. लेथचा बेड चकाजवळ सर्वांत जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तेथेच होते. कॅरेज चकाजवळ घट्ट बसवून टेलस्टॉककडे सरकवले असता अडू लागले, तर बेड असमान झिजला आहे असे समजावे. हातचाक फिरवल्यावर कॅरेज हलण्यापूर्वी किती मोकळी फेर जाते, तेही पाहावे. गिअर आणि चक जागेवर आहेत काय, मोटर थ्री-फेज आहे काय आणि आपल्याकडे तशी वीजजोडणी आहे काय, हे प्रश्न साधे आहेत. पण ते न विचारल्यामुळे यंत्रे महिनोन्‌महिने पडून राहतात. लॉटमध्ये हव्या असलेल्या यंत्राबरोबर नको असलेला मालही असू शकतो आणि तो उचलावाच लागतो. म्हणून पाहणी संपूर्ण लॉटची करावी.

इतकी काळजी घेऊनही लिलाव जिंकणारा वारंवार तोट्यात का जातो? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये दिले. कॅपेन, क्लॅप आणि कॅम्बेल हे एका तेल कंपनीत काम करत होते. समुद्रतळाखालील तेलाच्या हक्कांसाठी बोली जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेएवढा नफा का होत नाही, याचा त्यांनी शोध घेतला. त्यांचा विचार आपल्या लेथला लावून पाहू. पाच कारागिरांनी एकच यंत्र पाहिले आणि त्याच्या मोलाचे अंदाज केले : ८०,०००, ९५,०००, १,००,०००, १,१०,००० आणि १,४०,००० रुपये. कोणी कमी धरले, कोणी जास्त. सरासरी १,०५,००० येते आणि खरे मोलही बहुधा त्याच्याच जवळपास असणार. परंतु यंत्र सरासरी अंदाज करणाऱ्याला मिळत नाही. ते मिळते सर्वांत जास्त चुकलेल्या माणसाला. बंद पाकिटातील निविदा असेल तर तो १,४०,००० रुपये मोजतो. उघड्या लिलावात चौथा माणूस १,१०,००० वर थांबतो, म्हणून याला त्याहून थोडेच जास्त द्यावे लागते. तरीही ते खऱ्या मोलापेक्षा अधिकच. यालाच ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. बोली लावणारे जितके जास्त, तितका सर्वांत मोठा अंदाज खऱ्या मोलापासून दूर जाण्याचा संभव अधिक. गर्दी पाहून माणसाचा हात सैल सुटतो. वास्तविक गर्दी असेल तेव्हाच तो आखडता घ्यायला हवा.

बेझरमन व सॅम्युअलसन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. त्यांनी विद्यार्थ्यांसमोर नाणी वगैरेंनी भरलेल्या बरण्या लिलावात काढल्या. प्रत्येक बरणीचे मोल ८ डॉलर होते, पण ते कोणाला सांगितले नव्हते. विद्यार्थ्यांच्या अंदाजांची सरासरी केवळ ५ डॉलर १३ सेंट भरली. म्हणजे वर्गाने एकंदरीत मोल कमीच धरले होते. तरीही जिंकणारी बोली सरासरीने १० डॉलर १ सेंट निघाली!

अंदाजाच्या चुकीत मनाची चूक मिसळली, की आकडा आणखी चढतो. दूरच्या गावाहून भाडे खर्चून आलेला, अनामत भरून बसलेला माणूस रिकाम्या हाताने परतण्यास कचरतो. ‘समोरचा मुरलेला भंगारवाला एवढे देतो आहे, तेव्हा माल चांगलाच असणार,’ अशी तो स्वतःची समजूत घालतो. पण समोरच्याला त्या लॉटमधील तांब्याची तार हवी असेल, किंवा एखादा गिअरच हवा असेल. भंगारवाला वजनाला भंगाराच्या भावाने गुणून बसलेला असतो. यंत्र चालते की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते. संगणकावरील लिलावात तर समोरचा दिसतही नाही, आणि शेवटच्या क्षणी बोली आली, की वेळ आपोआप वाढवण्याची व्यवस्था अनेक ठिकाणी असते. ती वाढलेली काही मिनिटे फार महाग पडतात.

कायद्याने घेणाऱ्याला काही संरक्षण दिले आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार हातोडा पडेपर्यंत, किंवा रूढ रीतीने विक्री जाहीर होईपर्यंत, बोली मागे घेता येते. विकणाऱ्याने बोली लावण्याचा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर त्याला स्वतः किंवा हस्तकामार्फत बोली लावता येत नाही. भाव चढवण्यासाठी खोट्या बोली लावल्या गेल्या, तर घेणाऱ्याच्या इच्छेनुसार विक्री रद्द होऊ शकते. मात्र खोटी बोली सिद्ध करणे सोपे नाही. शिवाय लिलावाच्या छापील अटींत बोली मागे न घेण्याचे आणि तसे केल्यास अनामत जप्त होण्याचे कलम बहुधा असते. त्या अटी पाहणीला जाण्याआधीच वाचलेल्या बऱ्या.

बोली मंजूर झाल्यावरही व्यवहार पुरा होत नाही. ठरलेल्या मुदतीत उरलेली रक्कम भरावी लागते आणि माल उचलावा लागतो. उशीर झाल्यास जागेचे भाडे चढू लागते. माल ताब्यात घेताना पाहणीच्या दिवशी केलेले टिपण सोबत असावे. चक, मोटर, गिअर, आवरणे ही सारी तेव्हा होती तशीच आहेत, याची खात्री करूनच ताबा मिळाल्याच्या कागदावर सही करावी. काही कमी आढळले, तर ते यंत्र ट्रकवर चढण्यापूर्वी, तेथील अधिकाऱ्याकडे लेखी नोंदवावे.